कॅप्शनमध्ये काय लिहायचं?

आमच्या वळमध्ये आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामंच दिसतात. तुम्ही रात्री मागवलेलं पार्सल कदाचित इथल्याच एखाद्या शटरमधून निघालेलं असेल. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आठवडाभर कोड लिहितो आणि रविवारी गावात काम करणाऱ्यांची पोर्ट्रेट्स काढतो. हमाल, पॅकिंगवाल्या बायका, ड्रायव्हर, वॉचमन.

आयडिया माझी नाही, सरळ अर्विंग पेनकडून उचललेली. १९५०-५१ मध्ये त्याने पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्कमधल्या कष्टकऱ्यांना कामाच्या कपड्यांत, हत्यारांसह स्टुडिओत बोलावलं आणि साध्या पडद्यासमोर उभं केलं. ‘स्मॉल ट्रेड्स’ ही ती मालिका. फॅशन मॉडेलला जो प्रकाश मिळायचा, तोच मासेविक्याला मिळाला. मला हे भारी वाटलं. मीही एक चादर टांगली आणि सुरू झालो.

पण दहा-बारा फोटोंनंतर काहीतरी खटकायला लागलं. चादरीपुढे हमालाच्या पाठीवरचं पोतं नुसतं प्रॉप वाटत होतं. त्याचं वजन गेलं, गोदामातला उकाडा गेला. मग मी सुधारक ओलवे यांचे मुंबईच्या सफाई कामगारांचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो पुन्हा पाहिले. त्यातून कचरा आणि गटार बाजूला काढताच येत नाही, कारण ओलव्यांचा सवालच त्या जागेबद्दल आहे. हाच माणूस पेनच्या पडद्यापुढे उभा केला तर रुबाबदार दिसेल, पण आपण सुटू.

म्हणजे ओलवे बरोबर आणि पेन चूक? तेवढं सोपं नाही. आमच्या शेजारचे एक काका गोदामावर वॉचमन आहेत. ते गोदाम ज्या जमिनीवर आहे, तिथे पूर्वी त्यांचं भाताचं शेत होतं. मी युनिफॉर्ममध्ये फोटो मागितला, तर म्हणाले, “थांब, सदरा घालून येतो.” मी नको म्हणालो. मला ‘खरा’ वॉचमन हवा होता ना! ते काही न बोलता खुर्चीत बसून राहिले.

नंतर वाचलं की पेनने बजावूनही न्यूयॉर्कची काही माणसं दाढी करून, ठेवणीतला सूट घालून आली होती. पेन ते गमतीने सांगतो. मला आता त्यात गंमत वाटत नाही. कसं दिसायचं, हे ती माणसं स्वतः ठरवत होती.

कॅप्शनचं तर त्याहून अवघड. जर्मन फोटोग्राफर ऑगस्ट सँडरने १९२९ च्या ‘अँट्लिट्झ डेर झाइट’मध्ये साठ पोर्ट्रेट्समधून अख्खा समाज मांडला, पण बहुतेकांखाली नाव नाही, फक्त धंदा किंवा सामाजिक स्थान. उलट आपल्या गौतम राजाध्यक्षांचं ‘चेहरे’ पाहा. तिथे प्रत्येकाला नाव आहे, कारण नावासाठीच तर आपण ते पान उघडतो. एकाच्या वाट्याला नाव आणि दुसऱ्याच्या वाट्याला धंदा, हे कॅमेरा ठरवत नाही. मी ठरवतो. काकांच्या फोटोखाली मी ‘वॉचमन, वळ’ लिहिलं, तर त्यांचं शेत दुसऱ्यांदा जाईल.

पुढच्या रविवारी चादर घरीच ठेवली. काका सदरा घालून शटरसमोर उभे राहिले. फोटोखाली काय लिहू, विचारलं.

“नाव लिही. बापाच्या नावासकट.”