अक्षराचे रूप आणि अक्षराचा संकेत

संहितेची चिकित्सा करताना समीक्षक पाठभेद, लेखनिकाचे प्रमाद आणि मुद्रणदोष यांचा विचार करतो. संगणकावर जुळवलेल्या संहितेला मात्र आणखी एक स्तर असतो: अक्षरामागील सांकेतिक क्रमांकांचा. हा स्तर निव्वळ तांत्रिक मानून बाजूला ठेवता येईल काय?

घोड नदीकाठचे ‘शिरूर’ हे नाव घ्यावे. कागदावर आधी वेलांटी दिसते, मग ‘श’. उच्चारात ‘श’ आधी, ‘इ’ नंतर. पाहण्याचा आणि ऐकण्याचा क्रम येथे भिन्न आहे. डीटीपीच्या काळातील अनेक फाँटांनी पाहण्याचा क्रम स्वीकारला. रोमन अक्षरांच्या जागी त्यांनी काना, मात्रा, वेलांटी, अर्धाक्षरे असे देवनागरीचे तुकडे बसवले. ‘इस्की’ या भारतीय मानकाने आणि त्याच्या 1988 च्या आवृत्तीवर देवनागरीची मांडणी बेतणाऱ्या युनिकोडने (1991) ऐकण्याचा क्रम घेतला. युनिकोडमध्ये ‘शिरूर’ पाच संकेतांचे, तर भीमाकाठचे ‘दौंड’ चार संकेतांचे आहे. एका पद्धतीने अक्षराचे चित्र जपले, दुसरीने वर्णांची व्यवस्था. म्हणूनच जुना फाँट हरवला, की त्यात जुळवलेली तालुक्याची स्मरणिका पडद्यावर रोमन अक्षरांची निरर्थक रांग होऊन उरते. शिफ्ट-जेआयएस, ईयूसी अशा अनेक संकेतपद्धती एकाच वेळी वापरात असलेल्या जपानीत या विकृतीला ‘मोजिबाके’ असे स्वतंत्र नाव आहे.

युनिकोडमुळे प्रश्न पूर्णतः मिटला, असे मात्र नाही. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना, ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. हा अर्थभेद ‘र’च्या अर्ध्या रूपावर तोललेला आहे. ‘आचाऱ्यांना’मधील हे रूप दोन प्रकारे नोंदवता येते: ‘ऱ’ या स्वतंत्र संकेताला हलन्त जोडून, अथवा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांच्या योगे. वाचकाला दोन्ही शब्द एकच दिसतात. यंत्राच्या लेखी ते वेगळे असतात. परिणामी, या भेदाची दखल न घेता ग्रामीण कथेची शब्दसूची करणाऱ्या अभ्यासकाला ‘शेतकऱ्यां’चे काही उल्लेख सापडणारच नाहीत, आणि त्या उणिवेवर उभारलेला निष्कर्ष मात्र शास्त्रीय म्हणून मिरवेल.

तात्पर्य, दृश्य साम्य म्हणजे संहितेचे ऐक्य नव्हे. संहिता कोणत्या हस्तलिखितावरून सिद्ध केली, हे जसे संपादक सांगतो, तसेच ती कोणत्या संकेतातून कोणत्या संकेतात आणली आणि तेथे कोणते पर्याय एकरूप केले, हेही त्याने नोंदवले पाहिजे. पाठनिश्चितीचा हा भाग तंत्रज्ञावर सोडून देणे समीक्षेला परवडणारे नाही.