कॉन्स्टँटिनोपलचा पाडाव आणि काकतालीय न्याय

इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेंत कांहीं प्रश्न असे ठाण मांडून बसलेले असतात कीं, ते प्रथम कोणी घातले व कां घातले याची विचारणा करण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. ‘कॉन्स्टँटिनोपलच्या पाडावाचे परिणाम लिहा’ हा असाच एक मिरासदार प्रश्न होय. त्याचें उत्तरहि तितकेंच वतनी आहे. इ. स. १४५३ मध्यें तुर्कांनीं हें शहर घेतलें. तेथील ग्रीक पंडित आपल्या पोथ्या घेऊन इटलींत पळाले, त्यामुळें यूरोपांत विद्येचें पुनरुज्जीवन झालें. तुर्कांनीं पूर्वेकडील व्यापाराचा मार्ग अडविला, त्यामुळें पोर्तुगीजांस नवा समुद्रमार्ग शोधणें भाग पडलें. आणि येणेंप्रमाणें मध्ययुग संपून अर्वाचीन युगास प्रारंभ झाला. हें उत्तर आम्हीं विद्यार्थिदशेंत पाठ केलें, पुढें पंचवीस-तीस वर्षें शिकविलें, आणि उत्तरपत्रिका तपासतांना त्यास सढळ हातानें गुणहि दिले. तेव्हां प्रस्तुत लेखांत ज्या दोषाची चिकित्सा करावयाची आहे त्याचे धनी आम्हीहि आहों, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

कोणत्याहि एका क्रमिक पुस्तकाचें नांव घेण्याचें येथें प्रयोजन नाहीं. कारण हीं पुस्तकें एकमेकांवरून इतकीं सरसहा उतरलेलीं असतात कीं, एकास दोष देणें म्हणजे बाकीच्यांस विनाकारण सोडून देणें होय. आम्हांस विचार करावयाचा आहे तो त्या सर्वांत समान असलेल्या कार्यकारणपद्धतीचा. आपल्याकडे काकतालीय म्हणून एक न्याय प्रसिद्ध आहे. कावळा ताडावर बसला आणि त्याच क्षणीं फळ पडलें. पाहणारा म्हणाला, कावळ्यानें फळ पाडलें. क्रमिक इतिहासांतील कावळा याहूनहि चमत्कारिक आहे. तेथें फळ अगोदर पडतें आणि कावळा मागाहून येऊन बसतो.

गेल्या सालीं आमच्या वर्गांतील एका विद्यार्थिनीनें एक साधी गोष्ट केली. परिणाम म्हणून सांगितलेल्या गोष्टींचे सन तिनें वहीच्या एका पानावर उतरून काढले, आणि मध्यें १४५३ ची एक रेघ ओढली. तास संपल्यावर ती वही आमच्यापुढें ठेवून तिनें विचारलें, “सर, यांतले बरेचसे परिणाम रेघेच्या वरच आहेत. मग त्यांना परिणाम कसे म्हणायचे?” आम्हीं कांहींतरी सांगून वेळ मारून नेली. घरीं आल्यावर मात्र तें पान डोळ्यांपुढून हालेना.

रेघेच्या वर काय काय होतें तें पाहावें. प्राचीन लॅटिन ग्रंथांच्या शोधांत आयुष्य वेंचणारा पीट्रार्क १३७४ मध्येंच वारला होता. मॅन्युएल क्रिसोलोरस हा कॉन्स्टँटिनोपलचा पंडित १३९७ मध्यें फ्लॉरेन्स येथें ग्रीक भाषा शिकवूं लागला. आणि तो कोणाच्या भयानें पळून आलेला नव्हता, त्या नगराच्या कारभाऱ्यांनीं त्यास मानानें बोलावून नेलें होतें. १४२३ मध्यें ऑरिस्पा नांवाच्या इटालियन विद्वानानें तिकडून २३८ ग्रीक हस्तलिखितें विकत घेऊन व्हेनिसला आणलीं. ब्रुनेलेस्की याचा फ्लॉरेन्समधील तो विख्यात घुमट १४३६ मध्यें पुरा झाला. १४३८-३९ मध्यें ग्रीक व रोमन धर्मपीठांचा समेट घडवून आणण्यासाठीं खुद्द बादशहा आठवा जॉन मोठ्या परिवारानिशीं इटलींत आला, आणि त्या परिवारांतील प्लेथॉन या वृद्ध तत्त्वज्ञाच्या तोंडून फ्लॉरेन्सच्या रसिकांनीं प्लेटोविषयीं मनमुराद ऐकलें. एवढें सर्व झाल्यावर चवदा वर्षांनीं तें शहर पडलें.

मौज अशी कीं, ज्या गिबनच्या ग्रंथाचा आधार आमचे पुस्तककार दुरून दुरून सांगत असतात, त्यानें इटलींतील ग्रीक विद्येच्या पुनरुज्जीवनाची हकीकत सहासष्टाव्या प्रकरणांत दिली असून शहराच्या पाडावाची अडुसष्टाव्यांत दिली आहे. गिबन वाचण्याचे श्रम न घेतां निदान त्याची अनुक्रमणिका जरी कोणी चाळली असती तरी काम झालें असतें.

याचा अर्थ पाडावाचा विद्येशीं कांहींच संबंध नव्हता असा मात्र नव्हे. बेसारियन हा ग्रीक धर्माचार्य पाडावापूर्वींच रोमन पंथाचा कार्डिनल होऊन इटलींत स्थायिक झाला होता. मायभूमी गेल्याची वार्ता आल्यावर, आतां ग्रीकांचे ग्रंथहि नष्ट होतील, या चिंतेनें त्यानें मिळतील तीं हस्तलिखितें जमविण्याचा सपाटा लावला, आणि १४६८ मध्यें तो सर्व संग्रह व्हेनिसच्या स्वाधीन केला. पाडावाचा परिणाम म्हणावयाचा तर हा म्हणावा. विद्येची आवड अगोदरच उत्पन्न झालेली होती; पाडावानें तींत ग्रंथ वांचविण्याची निकड घातली.

दुसरा परिणाम व्यापारमार्गाचा. तो आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचें दुसरें टोंक आमच्या किनाऱ्याला लागलेलें आहे. मलबारचीं मिरीं यूरोपांत जात तीं मुख्यतः कोणत्या वाटेनें? अरबी समुद्रांतून एडन, तेथून तांबडा समुद्र, मग कैरो व अलेक्झांड्रिया, आणि तेथून व्हेनिसच्या गलबतांतून पुढें. दुसरी वाट सिरियांतून बैरुतला जाई. १४५३ मध्यें या दोन्ही वाटांवर तुर्की सुलतानाचा कांहींएक अंमल नव्हता. मिसर आणि सिरिया हे मामलूक सुलतानांच्या ताब्यांत होते, आणि उस्मानी तुर्कांनीं ते जिंकले १५१६-१७ मध्यें. त्या वेळीं वास्को द गामा कालिकतास येऊन गेल्यास एकोणीस वर्षें, आणि आल्बुकर्कनें गोवें घेतल्यास सात वर्षें लोटलीं होतीं. मार्ग अडविण्याचें तर नांवच नको. महंमदानें शहर घेतल्यावर गलाट्याच्या जिनोआवाल्या व्यापाऱ्यांस लागलीच अभयपत्र दिलें, आणि पुढच्याच वर्षीं व्हेनिसशीं व्यापारी तह केला. जकातीचें उत्पन्न कोणत्या सुलतानास नको असतें? लायबायर या अमेरिकन इतिहासकारानें १९१५ मध्येंच हा भ्रम सप्रमाण खोडून काढला. त्यानें दाखविलें कीं, पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत मसाल्याच्या किंमती या मार्गबंदीनें चढल्या असें दिसतच नाहीं. त्यास आतां शंभराहून अधिक वर्षें झालीं.

आणि पोर्तुगीज? त्यांनीं स्यूटा घेतलें १४१५ मध्यें. बोजादोरच्या भूशिराला त्यांनीं वळसा घातला १४३४ मध्यें. १४४४ मध्यें लागोस बंदरालगतच्या मैदानांत, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून धरून आणलेलीं दोनशेंहून अधिक माणसें उभीं करून त्यांची वांटणी करण्यांत आली. त्या वेळीं बापापासून मुलगा आणि भावापासून भाऊ तोडतांना झालेला आकांत त्यांच्याच बखरकारानें लिहून ठेवला आहे. मुसलमान आणि मूर्तिपूजक यांचे मुलूख जिंकण्याची व त्यांस गुलाम करण्याची मोकळीक पोपच्या आज्ञापत्रानें पोर्तुगालच्या राजास मिळाली ती १४५२ च्या जूनमध्यें. ही तारीखहि रेघेच्या वरची आहे.

आमचा खरा आक्षेप आहे तो येथें. तारखा चुकल्या, त्या दुरुस्त करतां येतील. परंतु ‘तुर्कांनीं वाट अडविली म्हणून पोर्तुगीजांस यावें लागलें’ हें वाक्य मुलांच्या गळीं उतरविलें म्हणजे पोर्तुगीजांच्या हातून झालेल्या कृत्यांचा भार गुपचुप तुर्कांच्या डोक्यावर जातो. सोन्याचा लोभ, माणसांचा व्यापार, मुसलमान व्यापाऱ्यांच्या हातचा मसाला हिसकून घेण्याचा बेत, धर्मयुद्धाची खुमखुमी हे सर्व हेतु नाहींसे होऊन एक बिचारा, अडलेला वाटसरू तेवढा शिल्लक राहतो. गोव्यांत १५१० मध्यें जें घडलें तें वाटसरूचें काम नव्हे.

असाच एक भार दुसऱ्या बाजूनेंहि हलविलेला आहे. पाडावाचीं कारणें म्हणून तुर्कांचें सामर्थ्य, ग्रीकांचा आळस, दुहीचा शाप वगैरे ठराविक गोष्टी सांगतात. एक वेस उघडी राहिली आणि शहर पडलें, अशीहि एक आख्यायिका आहे. ती सोडून देऊं. परंतु ज्या गोष्टीनें त्या साम्राज्याचा कणा मोडला तिला आमचीं पुस्तकें फार तर एक ओळ देतात. ती गोष्ट म्हणजे १२०४ चें चवथें क्रुसेड. जेरुसलेमच्या मुक्ततेसाठीं निघालेले हे ख्रिस्ती वीर जहाजांचें भाडें देऊं शकले नाहींत. तेव्हां व्हेनिसच्या वृद्ध, आंधळ्या दांदोलोनें त्यांना प्रथम झारा हें ख्रिस्ती शहर घ्यावयास लाविलें, आणि पुढें राजघराण्यांतील एका भांडखोर वारसाच्या पैशाच्या वचनांस भुलून ते कॉन्स्टँटिनोपलवर घसरले. आठ शतकें जी तटबंदी कोणा परक्यास दाद देत नव्हती ती ख्रिस्त्यांनीं ख्रिस्त्यांविरुद्ध जिंकली, आणि तीन दिवस तें शहर लुटलें. तेथून नेलेले ब्राँझचे चार घोडे आजहि व्हेनिस येथें सेंट मार्कच्या मंदिरांत जतन केलेले आहेत. १२६१ मध्यें ग्रीकांनीं राजधानी परत मिळविली. परंतु तें पूर्वीचें साम्राज्य पुन्हां हातीं आलें नाहीं.

पुढील दोनशें वर्षांची दैना एका गोष्टीवरून लक्षांत येईल. १३४३ मध्यें राज्याचीं रत्नें व्हेनिसकडे तीस हजार डुकाटांस गहाण पडलीं, तीं कधींहि सुटलीं नाहींत. चार वर्षांनीं झालेल्या राज्याभिषेकांत बादशहाच्या मुकुटावर कांचेचे खडे होते, आणि मेजवानीचीं भांडीं मातीचीं व कथलाचीं होतीं. त्याच सालीं प्लेग आला. १३५४ मध्यें भूकंपानें गॅलिपोलीचे तट कोसळले, आणि तुर्क यूरोपांत पाय रोवून बसले. १३९४ पासून बायझीदानें शहराची कोंडी केली होती. तें तेव्हांच पडावयाचें, परंतु १४०२ मध्यें अंगोऱ्याच्या लढाईंत तैमूरलंगानें बायझीदास धुळीस मिळविलें आणि शहरास पन्नास वर्षांचें आयुष्य लाभलें. समरकंदच्या तुर्कानें ग्रीकांचें ख्रिस्ती राज्य वांचविलें, आणि व्हेनिसच्या ख्रिस्त्यानें तें बुडविलें! हा इतिहास दोन धर्मांच्या झुंजीच्या सांच्यांत बसवूं पाहणाऱ्यांनीं या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्या. १४५३ मध्यें महंमदाच्या फौजेबरोबर सर्बियाचे ख्रिस्ती स्वार होते, आणि शहराच्या तटावर उस्मानी घराण्यांतील ओर्हान हा राजपुत्र आपल्या तुर्क अनुयायांसह ग्रीकांच्या बाजूनें लढत होता.

शेवटच्या वेढ्याविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. एके काळीं कित्येक लाख वस्तीच्या त्या शहरांत सुमारें पन्नास हजार माणसें उरलीं होतीं. लढणारे सात हजारांच्या घरांत. अर्बन नांवाचा एक हंगेरियन ओतारी प्रथम बादशहा कॉन्स्टंटाईनकडे नोकरीस आला होता. बादशहाजवळ त्याचा पगार द्यावयास पैसा नव्हता. तो उठून एकवीस वर्षांच्या महंमदाकडे गेला, आणि त्यानें ओतलेल्या प्रचंड तोफा त्या तटांपुढें आल्या. रत्नें गहाण पडण्याची आणि तट पडण्याची गांठ येथें आहे. २९ मे रोजीं शहर पडलें, बादशहा लढतां लढतां मेला, आणि हजारों नागरिक गुलाम म्हणून विकले गेले. तोफा ओतण्याची ही रूमी विद्या पुढें आमच्या दक्षिणेंतहि आली. विजापुरच्या बुरुजावरची मलिक-इ-मैदान ही तोफ १५४९ मध्यें अहमदनगर येथें ओतली गेली, आणि तिच्या कारागिराचें नांव मुहम्मद रूमी असें तिच्यावरच कोरलेलें आहे.

पाडावाचे अस्सल परिणाम पाहावयाचे तर ते अशा लहान वाटांनीं शोधावे लागतात. तुरटीचेंच उदाहरण घ्या. लोंकरी कापडावर रंग पक्का बसण्यास तुरटी लागते, आणि यूरोपास ती बव्हंशीं आशियामायनरच्या किनाऱ्यावरील फोशियाच्या खाणींतून मिळे. त्या खाणी जिनोआवाल्यांच्या हातून १४५५ मध्यें तुर्कांकडे गेल्या. कॉन्स्टँटिनोपल येथें पूर्वीं कापड रंगविण्याचा धंदा करणारा जोव्हानी द कास्त्रो हा इसम तेथून इटलींत आला होता. त्यास १४६० च्या सुमारास पोपच्या मुलखांत टोल्फाच्या टेंकड्यांवर तुरटीचा दगड सांपडला. पोपनें ती तुर्कांवर मिळालेली जीत मानली, तिचें उत्पन्न धर्मयुद्धासाठीं राखून ठेवलें, आणि १४६६ मध्यें मेडिची पेढीनें तिच्या विक्रीचा मक्ता घेतला. येथें कारण अगोदर आहे, कार्य मागाहून आहे, आणि मधल्या दुव्यास एका रंगाऱ्याचें नांव आहे. युगान्ताची गर्जना तेवढी नाहीं.

त्या विद्यार्थिनीनें वार्षिक परीक्षेंत तोच प्रश्न सोडविला. ग्रीक पंडितांच्या पलायनाविषयीं व अडविलेल्या वाटेविषयीं तिनें सन देऊन शंका घेतल्या, आणि उरलेल्या जागेंत तुरटीची हकीकत लिहिली. नमुनाउत्तरांत तुरटी नव्हती. आम्हीं तिला दहापैकीं आठ गुण दिले; तपासनिसांच्या बैठकींत ते चार करण्यांत आले. आम्ही त्या बैठकीस हजर होतों, आणि फारसें बोललों नाहीं.