‘मोआना’ : सागरपुत्रांचे चित्र आणि त्यातील रिकाम्या जागा

डिस्नेचा ‘मोआना’ हा अ‍ॅनिमेशनपट २०१६ साली प्रदर्शित झाला. २०२४ मध्ये त्याचा दुसरा भागही आला. आपल्या मुलांना पॉलिनेशियाचे पहिले दर्शन बहुधा याच चित्रपटातून घडते. म्हणून निव्वळ करमणूक म्हणून त्याची बोळवण करता येत नाही. त्याने करून दिलेली ओळख कितपत खरी, हे पाहणे अगत्याचे आहे.

मोटुनुई या कल्पित बेटाच्या प्रमुखाची ही मुलगी. प्रवाळाच्या कड्यापलीकडे जाण्यास पित्याची सक्त मनाई. बेटावर नारळ नासू लागतात, मासळी आटते. तेव्हा आजीच्या प्रेरणेने ती होडी लोटते आणि माउई या अर्धदेवाने चोरलेले तेफिती देवीचे हृदय परत करण्यास निघते. गुहेत दडवलेल्या पूर्वजांच्या नौका तिला सापडतात, तो प्रसंग चित्रपटाचा प्राण होय. त्यामागे खरा इतिहास आहे. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी हे लोक टोंगा व समोआपर्यंत पोहोचले. नंतर हजारांहून अधिक वर्षे पूर्वेकडील सफरी थांबल्या आणि पुढे ताहिती, हवाई, न्यूझीलंड त्यांनी वसवले. हे लोक वाऱ्यावर वाहत चुकून बेटांना लागले असावेत, असे मानणारे पाश्चात्त्य पंडित होते. चित्रपट त्यांना दर्यावर्दी म्हणून उभे करतो, हे त्याचे मोठे श्रेय.

परंतु येथेच त्याची उणीवही आहे. मोआना संकटात सापडली की सागर स्वतःच तिला उचलून होडीत ठेवतो. प्रत्यक्षात ही विद्या चमत्काराची नव्हती, कष्टाची होती. ताऱ्यांचे उदयास्त, पक्ष्यांची उड्डाणे, नौकेला बसणारे लाटांचे हेलकावे यांवरून दिशा ओळखण्यात आयुष्य खर्ची पडे. १९७६ मध्ये ‘होकुलेआ’ ही जोडनौका हवाईहून ताहितीला यंत्रांशिवाय गेली, तेव्हा वाट दाखवण्यासाठी मायक्रोनेशियातील साटावल बेटावरून माउ पियाइलुग यांना बोलवावे लागले, कारण हवाईत ती विद्या लोपली होती. पियाइलुग ती लहानपणी आजोबांकडून शिकले होते. तो दीर्घ अभ्यास पडद्यावर काही क्षणांत उरकतो.

दुसरी रिकामी जागा हिना देवीची. अनेक बेटांच्या कथांत माउईबरोबर ती येते. चित्रपटात तिला स्थान नाही. टोंगन मानववंशशास्त्रज्ञ तेविता काईली यांनी यावर नेमके बोट ठेवले आहे. माउईलाही बढाईखोर विदूषकाचे रूप आले. पॉलिनेशियातील बहुसंख्य लोक आज ख्रिस्ती आहेत. तरी या कथा त्यांना पूर्वजांचा ठेवा वाटतात. समोआत अंगावरील गोंदण हे कुळाचे व कर्तव्याचे चिन्ह असते, वेदना सोसून घेतलेले. माउईची गोंदलेली कातडी म्हणजे मुलांचा पोशाख, अशी वस्तू डिस्नेने २०१६ मध्ये विक्रीस काढली आणि निषेध होताच मागे घेतली. निर्मात्यांनी बेटांवरील जाणकारांचा सल्ला घेतला होता, हे खरे. पण सल्ला घेणे वेगळे आणि निर्णयाचा अधिकार देणे वेगळे. समोआ, टोंगा, ताहिती, हवाई यांच्या भाषा व रीती निरनिराळ्या; त्या सर्वांचे एकच गोंडस बेट झाले, ते यामुळेच.

तथापि या कथेला पुढचा अध्याय आहे. हा चित्रपट पुढे ताहितियन, माओरी आणि हवाईयन भाषांत ध्वनिमुद्रित झाला. ज्यांच्याकडून कथा उसनी घेतली, त्यांच्या मुलांना ती स्वतःच्या बोलीत ऐकता आली. शाळांतून दीर्घकाळ दडपल्या गेलेल्या माओरी व हवाईयन भाषांना मिळालेला हा मान लहान नव्हे.

पालकांनी ‘मोआना’ मुलांबरोबर अवश्य पाहावा. त्यातील गाणी व रंग मन मोहवतात, आजी-नातीचे नाते हृद्य आहे. मात्र नंतर नकाशा उघडून ती खरी बेटे दाखवावीत आणि सांगावे की, समुद्राने या लोकांना वाट दिली नाही. त्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या शिकून काढली.