पांढरा : बाशोचा आणि सुगिमोतोचा

जपानी कलेत पांढरा रंग दिसला की आपली समीक्षा ‘शून्य’, ‘मौन’, ‘झेन’ या शब्दांकडे वळते. हे शब्द खोटे नाहीत. पण त्यांच्या आडोशाने रंगाकडे नीट पाहणे टळते, असे मला वाटते.

मात्सुओ बाशोने १६८४ च्या हिवाळ्यात ओवारीच्या किनाऱ्यावर लिहिलेला एक हायकू घेऊ. समुद्र अंधारतो आणि रानबदकांचा आवाज अंधूक पांढरा भासतो, एवढाच त्याचा आशय. रूढ ५-७-५ ऐवजी इथे मांडणी ५-५-७ आहे. सर्वांत लांब तुकडा शेवटी येतो आणि तो पांढरेपणाच्या वाट्याला जातो. पक्षी दिसत नाहीत. कानाला जे मिळते, त्याला बाशो डोळ्यांचे विशेषण लावतो. ‘पांढरा’ या अर्थाच्या ‘शिरोशी’चे नाते ‘ठळक’ या अर्थाच्या ‘शिरुशी’शी जोडणारे एक मत आहे. ते मानले तर ‘अंधूक ठळक’ असा पेच उभा राहतो. हा पांढरा रिकामा नाही. विझत्या दृश्याची ती शेवटची खूण आहे.

हिरोशी सुगिमोतोची ‘थिएटर्स’ ही छायाचित्रमालिका उलट्या दिशेने जाते. चित्रपट सुरू होताना कॅमेऱ्याचे शटर उघडायचे आणि संपल्यावर मिटायचे. सेकंदाला २४ चौकटी धरल्या, तर दोन तासांत १,७२,८०० चौकटी एकाच निगेटिव्हवर साचतात. उरतो तो पडद्याचा लखलखीत पांढरा आयत. त्याच्याच उजेडात प्रेक्षागृहाचे नक्षीकाम आणि खुर्च्या दिसतात. कथा मात्र अतिप्रकाशात बुडालेली असते.

म्हणजे बाशोचा पांढरा प्रकाश सरल्यावर उमटतो, तर सुगिमोतोचा प्रकाश अति झाल्यावर. दोन्हीकडे तो वेळेचा रंग आहे. एकीकडे क्षण निसटतो, दुसरीकडे तास साचतात. दोघांनाही ‘शून्य’ म्हटले की नेमका हा फरक पुसला जातो.

शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला, त्यामुळे हा प्रश्न आपल्याही भाषेचा आहे. बाशोचा तो आवाज मराठीत आणताना ‘शुभ्र’ म्हणावे की ‘पांढरा’? ‘शुभ्र’ला पावित्र्याचा वास येतो आणि अंधूकपणा धुऊन निघतो. ‘पांढरा’ साधा आहे. ‘चेहरा पांढराफटक पडला’ म्हणताना त्यात भीतीही असते. मी ‘पांढरा’च निवडीन. संध्याकाळच्या समुद्रावर एकट्या माणसाला पावित्र्यापेक्षा ती भीती अधिक जवळची असते.