रॉक-संगीत आणि स्मरणरंजन

नव्वदीच्या दशकातील रॉक-वाद्यवृंदांविषयी बालाघाटकडील आपली मराठी मंडळी हळवेपणाने बोलू लागली, की आम्हांस एक भेद करावासा वाटतो. आठवण हा रसिकाचा अधिकार होय; मूल्यमापनाचा निकष नव्हे. मुंबईच्या ‘रॉक मशीन’ने १९९३ साली ‘इंडस क्रीड’ हे नाव धारण केले. नावात सिंधू आली, गीतांची भाषा मात्र इंग्रजीच राहिली. त्यांचे गिटारवादनातील कसब आम्ही नाकारीत नाही. (वाद्य परके म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आपल्या नाट्यसंगीतातील हार्मोनियम आठवावी.) दिल्लीच्या ‘युफोरिया’ने १९९८ मध्ये ‘धूम’द्वारे हिंदी जवळ केली. मराठीला या दोहोंत जागा नव्हती. घरी मराठी, शाळेत हिंदी अशा तरुणास तेव्हा हे जाणवलेही नसेल. परंतु आजच्या स्मरणरंजनातही त्या उणिवेचा उच्चार कोणी करीत नाही, हे आम्हांस खटकते.