खोटं ऑपरेशन, खरा प्रश्न

ह्यूस्टनचे अस्थिशल्यविशारद ब्रूस मोझली यांचा 2002 चा पेपर संशोधनाला लागण्याआधी वाचाच. झिजलेल्या गुडघ्यांचे 180 रुग्ण, तीन गट: एकात दुर्बिणीने सांध्याची सफाई, दुसऱ्यात नुसतं धुणं, तिसऱ्यात फक्त कातडीवर छेद. कोणाला काय मिळालं हे रुग्णांना ठाऊक नाही. दोन वर्षांनीही दुखण्यात फरक नाही!

स्वतःच्याच ऑपरेशनची अशी परीक्षा घ्यायला धाडस लागतं. पण पद्धत तपासा. सर्जन एकच, रुग्ण बहुतेक पुरुष (माजी सैनिकांचं रुग्णालय ना), आणि दुखणं मोजायची मुख्य फूटपट्टी याच अभ्यासासाठी बनवलेली. माझ्या मते शेवटचा दोष सर्वांत जड. तरी निष्कर्ष टिकला: 2008 मध्ये कॅनडातल्या चाचणीतही फिजिओथेरपी-औषधांपेक्षा सफाईचा जास्तीचा फायदा दिसला नाही. तिथे मात्र खोटं ऑपरेशन नव्हतं.