घाशीराम गेला, नाना राहिले

मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक जुना मेसेज शोधत होतो. सर्चमध्ये ‘कोर्ट’ टाइप केलं आणि माझेच दोन मेसेज समोर आले. पहिला : ‘कायद्यापुढे सगळे सारखे. कोर्टाने सांगितलं ना, विषय संपला.’ दुसरा साधारण दीड वर्षानंतरचा : ‘कोर्टाचं काय घेऊन बसलास, सगळं मॅनेज असतं.’

मधल्या काळात कायदा बदलला नव्हता. पहिल्या वेळी अडकला होता मला न आवडणाऱ्या नेत्याचा माणूस, दुसऱ्या वेळी आवडणाऱ्या नेत्याचा. दोन्ही निकालांमधली एक ओळही मी वाचलेली नव्हती.

त्या रात्री विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ परत काढलं. इंजिनिअरिंगला असताना एकदा वाचलं होतं. तेव्हा समजलं होतं ते एवढंच : सत्ता माणसाला वापरते आणि फेकून देते. चूक नाही, पण ते अर्धंच आहे. उरलेलं अर्धं घाशीरामबद्दल नाही आणि नानांबद्दलही नाही. ते पुणेकरांबद्दल, म्हणजे आपल्याबद्दल आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. कनोजहून आलेल्या घाशीरामवर पुण्यात चोरीचा आळ येतो. मारहाण होते, त्याला शहराबाहेर हाकललं जातं. सूड म्हणून तो स्वतःची मुलगी गौरी नाना फडणविसांच्या हाती देतो आणि बदल्यात पुण्याची कोतवाली मिळवतो. मग शहरात परवान्यांचं राज्य सुरू होतं. रात्री घराबाहेर पडायला परवाना, साध्या साध्या गोष्टीला परवाना. संशय आला की छळ. गौरी मरते. पुढे कोठडीत कोंडलेले परगावचे ब्राह्मण गुदमरून मरतात, शहर खवळतं, नाना हुकमावर सही करतात आणि जमाव घाशीरामला दगडांनी ठेचून मारतो. शेवटी नाना लोकांसमोर येतात, संकट टळल्याचं सांगतात आणि उत्सव करायला लावतात. लोक उत्सव करतात.

या शेवटाशी मी बराच वेळ अडकलो. कोतवाल कोणी नेमला, हे त्या गर्दीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. कशाच्या बदल्यात नेमला, हेही माहीत आहे. तरी एकही दगड नानांच्या वाड्याकडे जात नाही. आमच्या कामाच्या भाषेत सांगायचं तर अ‍ॅडमिनचे हक्क नानांनी दिले, पण लॉगमध्ये प्रत्येक नोंद घाशीरामच्या नावावर. नाना हे नेमणूक करतानाच ओळखून असतात; आपली पापंही याच्या खात्यावर जमा होतील, असा त्यांचा सरळ हिशेब असतो. तो चुकत नाही, कारण तो लोकांच्या स्वभावावर बेतलेला आहे. लोकांना नानांबद्दलचं आपलं मत जपायचं असतं. त्यासाठी कोतवालीचा बळी गेला तरी चालतो.

आणखी एक गोष्ट या वेळी टोचली. लोक रस्त्यावर येतात ते कोठडीतल्या मृत्यूंसाठी. गौरीसाठी कोणीच येत नाही. तिच्याबद्दल न्याय मागायचा तर बोट थेट नानांकडे करावं लागलं असतं.

जब्बार पटेलांनी हे नाटक बसवलं तेव्हा रंगमंचावर ब्राह्मणांची एक मानवी भिंत उभी केली. माणसं ओळीने उभी राहतात, गातात, डोलतात, पाठ फिरवतात आणि पाठीमागचं झाकलं जातं. या भिंतीचं कौतुक दिग्दर्शनाची कमाल म्हणून नेहमी होतं. मला ती नाटकाचा गाभा वाटते. नेत्याला झाकायला तटबंदी लागत नाही. त्याच्यावर माया असलेली माणसं पाठ करून उभी राहिली की पुरतं.

पुढे जे घडलं ते नाटकाचाच पुढचा अंक वाटावा. पहिला प्रयोग 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात भरत नाट्य मंदिरात झाला, प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनतर्फे. नानांचं काम मोहन आगाशे करत होते. नानांची बदनामी झाली, ब्राह्मणांची बदनामी झाली, असा गदारोळ उठला. हे ऐतिहासिक नाटक नाही, असं तेंडुलकर सांगत होते. ते फारसं कोणी ऐकलं नाही. 19 प्रयोगांनंतर संस्थेनेच नाटक थांबवलं. कलाकारांनी बाहेर पडून 1973 साली थिएटर अ‍ॅकॅडमी स्थापन केली आणि नाटक पुन्हा उभं राहिलं. वाद पेटला तो नाना असे होते का, यावर. कोतवाली अशी चालावी का, हा प्रश्न मागे पडला.

नाटकाची एक मर्यादाही सांगायला हवी. त्यात नियमाच्या बाजूने उभं राहणारं कोणीच नाही. प्रेक्षक बाहेर पडतो तो कायदा म्हणजे कोणाच्या तरी हातातली काठी, एवढंच घेऊन. खऱ्या पुण्याकडे मात्र दुसरी गोष्टही आहे. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी खुद्द राघोबादादांना दोषी ठरवलं, देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं. 1944 साली पुण्याच्याच ‘प्रभात’ने त्यांच्यावर चित्रपट काढला. ‘रामशास्त्री बाणा’ हा शब्द आपण आजही वापरतो.

पण शब्द नीट बघा. आपण लक्षात ठेवला तो माणसाचा बाणा. तो निकाल अंमलात आला नाही, कारण तो अंमलात आणेल अशी, पेशव्यापेक्षा मोठी यंत्रणाच नव्हती. रामशास्त्र्यांना निघून जावं लागलं, ही त्या गोष्टीतली खरी शोकांतिका. आपण तिच्यातूनही एक पूजनीय माणूसच शोधून काढला.

न्यायमूर्ती रानड्यांवरचं व्याख्यान द्यायला डॉ. आंबेडकर जानेवारी 1943 मध्ये पुण्यात आले होते. विभूतिपूजेचा धोका त्यांनी याच शहरात बोलून दाखवला. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेतही त्यांनी बजावलं, की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. मी हे फक्त भक्तांसाठीचं समजत होतो, म्हणजे समोरच्या पार्टीसाठीचं. आता वाटतं, द्वेष करणाराही त्याच रांगेत उभा असतो. नेता आवडला की कायदा त्याचा प्रसाद, नावडला की त्याची लाठी. दोन्हीकडे कायदा त्याचाच. आपला कधीच नाही.

याचा अर्थ प्रत्येक निकालापुढे मान तुकवायची असा नाही. कोर्टं चुकतात, तपास यंत्रणा वापरल्या जातात. पण ते म्हणायला कागद वाचावा लागतो, आणि तेच निकष आपल्या माणसालाही लावावे लागतात. माझ्या दुसऱ्या मेसेजमधला संशय कदाचित बरोबरही असेल. फक्त तो मला पहिल्या वेळी का आला नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

दोन्ही मेसेजचे स्क्रीनशॉट मी ग्रुपवर एकाखाली एक टाकले. दोन स्मायली आल्या. मग एका मित्राने लिहिलं, ‘अरे पण त्या वेळची केस वेगळी होती.’

मी विचारलं, ‘वाचली होतीस?’

निळ्या टिक आल्या. उत्तर अजून यायचंय.